गोल्फचं एकेक होल डोक्यानं कसं खेळायचं: वावरात शिकलेल्याकडून नवख्यांसाठी

आधीच सांगून टाकतो, मी काही प्रो-बिरो नाही. जालन्याकडचा माणूस, चाळिशीत हे खूळ लागलं, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याला जाऊन मित्राच्या ओळखीनं अठरा होल (एक होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून बॉल भोकात पडेपर्यंतचा पट्टा) खेळतो आणि बाकी सगळी प्रॅक्टिस काकांच्या वावरात. तूर निघाली की पेरणीपर्यंत ते वावर रिकामंच असतं, मग मी आणि चुलतभावानं तिथं तीन होल केले. ११० एमएमच्या पीव्हीसी पाईपाचे तुकडे जमिनीत पुरले आणि झेंड्याला जुन्या साडीचे काठ बांधले. खऱ्या होलचं तोंड १०८ मिलिमीटर असतं आणि आपला पाईप आतून त्याहून जरा बारीकच भरतो, त्यामुळं वावरात पडणारा बॉल पुण्यात पडतोच. काका पहिल्या दिवशी बघून म्हणले, "विटी-दांडूच खेळायचा होता तर एवढ्या काठ्या काऊन आणल्या?"

पहिली दोन-अडीच वर्षं माझा स्कोअर, म्हणजे अठरा होलला लागलेले एकूण फटके, १२० च्या खाली यायचाच नाही (जितके कमी तितकं चांगलं). स्विंगचे व्हिडिओ बघायचो, मनगट असं, खांदा तसा. मग पुण्यात बॅग उचलून सोबत चालणाऱ्या एका जुन्या कॅडीनं एक दिवस माझा तळ्यात गेलेला तिसरा बॉल बघितला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, तिकडं कुणी बोलावलं होतं का?" त्या दिवसापासून स्विंग तोच ठेवला आणि विचार बदलला, तर वर्षभरात १०४-१०५ वर आलो. तेच इथं सांगायलो, कारण स्विंग शिकवणारे लई भेटतात, पण कुठं मारायचं ते कुणी सांगत नाही.

घरूनच करून जायचं काम

आपला कुठला क्लब (म्हणजे काठी) किती जातो हे माहीत नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. बॅगेत १४ पर्यंत क्लब चालतात पण नवख्याला पाच-सहा पुरे. एकेक क्लब घ्यायचा, दहा बॉल मारायचे, सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात जवळचे दोन सोडून द्यायचे आणि मधले सहा जिथं पडले ते अंतर धरायचं. माणूस काय करतो, आयुष्यात एकदा सात नंबरच्या क्लबनं १६० यार्ड मारलेला असतो तो आकडा छातीला लावून फिरतो. माझा सात नंबर १३०, वेज (जवळचा, बॉल उंच उडवणारा क्लब) ८५, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) नीट लागला तर १८० च्या आसपास. लाज वाटायचं काही कारण नाही, खरा आकडा पाहिजे.

यार्डाचा अंदाज येत नसेल तर क्रिकेटची पिच २२ यार्ड, म्हणजे १५० यार्ड म्हणजे जवळपास सात पिच. शेतकऱ्याच्या पोराला आणखी सोपं, गुंठ्याची एक बाजू ३३ फूट म्हणजे बरोब्बर ११ यार्ड. मी अजूनही झेंड्याकडं बघून गुंठेच मोजतो.

दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवा, बॉल पडतो कुठं आणि थांबतो कुठं. आपल्याकडं मे महिन्यात जमीन तव्यासारखी टणक असते, बॉल पडल्यावर चाळीस यार्ड पळत जातो, आणि जुलैत काळ्या मातीवर तोच बॉल पडल्या जागी रुतून बसतो. पाणी किंवा बंकर (वाळूचा खड्डा) ओलांडायचा असेल तर पडतो तो आकडा कामाचा, पळण्याचा नाही. आणि तिसरी गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती, दहा बॉल डावी-उजवीकडं किती पसरले तेही बघा. माझ्या ड्रायव्हरचे दहा बॉल साठ यार्डांच्या पट्ट्यात पसरतात, सात नंबरचे तीसमध्ये. फेअरवे (होलकडं जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) पस्तीस यार्ड रुंद असेल तर तिथं ड्रायव्हर काढणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

स्कोअरकार्ड वाचा आणि त्यावरचा पार खोडा

कार्डावर प्रत्येक होलचे तीन आकडे असतात, लांबी, पार (चांगल्या खेळाडूला त्या होलला लागावेत तेवढे फटके) आणि स्ट्रोक इंडेक्स. स्ट्रोक इंडेक्स १ म्हणजे साधारण सगळ्यात अवघड होल आणि १८ म्हणजे सगळ्यात सोपं, आणि तुमच्या हँडिकॅपचे (कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचे) जास्तीचे स्ट्रोक, म्हणजे फटके, त्याच क्रमानं मिळतात. म्हणजे हँडिकॅप २४ असेल तर प्रत्येक होलला एक आणि इंडेक्स १ ते ६ च्या होलना आणखी एकेक. २०२० पासून जगभर एकच पद्धत आलीय आणि त्यात बाई असो बाप्या असो, ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे प्रत्येक होलला तीन. नवख्याची सोय नियमातच केलेली आहे, आपणच उगाच पार-पार करत छाती बडवतो.

मी पेनानं छापलेल्या पारच्या शेजारी माझा पार लिहितो, सुरुवातीला प्रत्येकाला दोन वाढवून. पार ४ असेल तर माझा ६. आता गणित बघा, ३८० यार्डांचं पार ४, मला सहा मिळालेत, त्यातले दोन पटिंगला (बॉल हळू सरपटवत होलमध्ये घालायला) ठेवले तर ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) पोचायला चार राहिले. ३८० ला चारनं भागलं की ९५. एका शॉटला ९५ यार्ड! म्हणजे सात नंबरनं तीनदा नीट मारलं तरी ३९० होतंय आणि वर एक शॉट चुकवायला शिल्लक. हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा मला हसूच आलं, इतके दिवस मी ड्रायव्हरनं झाडं कशाला झोडपत होतो.

लांब न मारता काय होतं ते आपली भारताची गोल्फर अदिती अशोकनं टोकियो ऑलिंपिकला दाखवलंय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती चौथी आली, मेडल फक्त एका शॉटनं हुकलं आणि ड्रायव्हरच्या लांबीत ती तिथल्या सगळ्यात मागच्यांपैकी होती. तिचा पटर (पटिंगचा क्लब) मात्र जबरदस्त चालला होता.

टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहून उलटं मोजायचं

लग्नाची तारीख ठरली की आपण तिथून मागं मागं येत हळद कधी, बस्ता कधी ते काढतो, तसंच होल झेंड्यापासून मागं यायचं. आधी बघा ग्रीनच्या कुठल्या बाजूला घाण आहे, बंकर डावीकडं आहे का पाणी मागं आहे. मग ठरवा की चुकला तर कुठं चुकलेला चालेल. मग त्या ग्रीनवर मारायला मला कुठून सोपं जाईल, आणि तिथं पोचायला टीवरून कुठला क्लब. म्हणजे टीचा क्लब सगळ्यात शेवटी ठरतो. नवखा नेमकं उलटं करतो, टीवर पाय ठेवायच्या आत ड्रायव्हरचं टोपडं काढून मोकळा.

आता एकेक प्रकारचं होल घेऊ.

पार ३

हे छोटं असतं म्हणून लोकांना सोपं वाटतं आणि इथंच सात-आठ होतात. झेंडा विसरा, ग्रीनचा मधला भाग बघा. बंकर आणि पाणी बहुतेक पुढं असतं आणि नवख्याचे बॉल बहुतेक कमीच पडतात, म्हणून अंतर झेंड्यापर्यंत न धरता ग्रीनच्या मध्यापर्यंत धरा आणि दोन क्लबांत अडकलात तर मोठा घेऊन आरामात मारा. टी पेग (बॉल ठेवायची छोटी खुंटी) लावायची परवानगी आहे तर लावा, फुकटची मदत सोडू नका. आणि १९० यार्डांचं पार ३ असेल तर एका फटक्यात पोचायचा हट्ट धरूच नका, पुढं मोकळ्या जागेत टाका, तिथून चिप (जवळचा छोटा फटका), दोन पट, ४ झाले आणि तुमचा पार तर ५ आहे.

२०१९ चं मास्टर्स आठवा, अमेरिकेत ऑगस्टाला होणारी मोठी स्पर्धा. ऑगस्टाचं बारावं होल फक्त १५५ यार्डांचं, पुढून ओढा जातो आणि झेंडा शेवटच्या दिवशी उजवीकडं. आघाडीवर असलेला मोलिनारी पाण्यात गेला, त्याच ग्रुपमधला फिनाऊ पण पाण्यात. टायगर वुड्सनं झेंड्याकडं बघितलंच नाही, डावीकडं ग्रीनच्या मधल्या जागेवर टाकला, दोन पट, पार, आणि पुढं स्पर्धाच जिंकला. तो टायगर असून झेंडा सोडतो आणि आपण शनिवारचे खेळाडू झेंड्यावरच जायलो.

सरळ पार ४, एका बाजूला भानगड

समजा उजवीकडं पांढरे खुंट आहेत, म्हणजे मैदानाची हद्द, त्यापलीकडं आऊट ऑफ बाउंड्स. टीच्या दोन खुणांच्या मध्ये कुठंही आणि मागं दोन क्लबांच्या लांबीपर्यंत बॉल लावता येतो. तर भानगड उजवीकडं असली की उजव्या खुणेजवळ लावा आणि डावीकडं मारा. उलटं वाटतं पण एकदा उभं राहून बघा, अख्खा फेअरवे तिरपा आणि रुंद दिसायला लागतो. हे करायला दमडी लागत नाही.

तरी पांढऱ्या खुंटापलीकडं गेल्याचा संशय आला तर तिथंच मोठ्यानं "प्रोव्हिजनल मारतोय" असं सांगून दुसरा, तात्पुरता बॉल मारा. न सांगता मारलात तर तोच बॉल खेळात धरला जातो, वर एक फटक्याचा दंड. हरवलेला बॉल शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. नंतर परत टीपर्यंत चालत येणं म्हणजे मागचे लोक तुमच्याकडं बसमध्ये खिडकीची जागा घेतल्यासारखे बघतात.

अरुंद होलला ड्रायव्हर ठेवून देण्यात कमीपणा नाही. दिल्ली गोल्फ क्लबच्या झाडीतल्या त्या अरुंद कोर्सवर भलेभले प्रोसुद्धा बऱ्याच होलना ड्रायव्हर काढत नाहीत.

वळणाचं होल

डॉगलेग म्हणतात याला. आमच्या वावरातलं दोन नंबरचं होल असंच आहे, बाभळीपासून उजवीकडं वळतं आणि आतल्या कोपऱ्यात विहीर. दर वेळी वाटायचं की बाभळीवरून उडवला तर किती जवळ पडंल. मागच्या उन्हाळ्यात काकांनी विहिरीचा गाळ काढला तर अकरा बॉल निघाले, त्यातले नऊ माझे. काकांनी ते सगळे ओट्यावर मांडून ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले, "आमच्या पुतण्याचं पीक."

तर वळण कापू नका. वळणापर्यंतचं अंतर बघा, तेवढाच जाणारा क्लब घ्या आणि बाहेरच्या कडेला मारा, तिथून ग्रीन उघडं दिसतं. पण जास्तही नको, कारण लांब गेला तर सरळ पलीकडच्या झाडीत. म्हणून इथं माझा सात नंबर किंवा हायब्रीड (सोप्यानं लागणारा लांबचा क्लब), बास.

पार ५

लांबी बघून माणूस घाबरतो आणि घाबरून जोरात मारतो. खरंतर नवख्यासाठी हेच सगळ्यात दयाळू होल, चुका भरून काढायला जागा असते. सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या शॉटला होते, गवतावरून तीन नंबरचं लाकूड (ड्रायव्हरच्या खालचा लांबचा क्लब) काढतात, तो बॉलच्या डोक्याला लागतो आणि बॉल वीस यार्ड सरपटतो. तुमचा आवडता क्लब कुठला ते बघा आणि शेवटी तेवढंच अंतर राहील असं मागून मोजा. ४८० चं होल, माझा वेज ८५, म्हणजे मला ३९५ पर्यंत तीन शॉटमध्ये जायचंय, १८०, १२०, ९५. कुठंच जोर नाही. त्याऐवजी जोर लावून तिसऱ्यात ४४० पर्यंत गेलो तर ४० यार्ड राहतात, आणि तो अर्धवट स्विंग मला झोपेतसुद्धा जमत नाही.

पाणी

सरळ प्रश्न विचारा, दहापैकी आठ वेळा पलीकडं पडतो का? नसेल तर अलीकडं टाका, आणि अलीकडं म्हणजे काठावर नाही, उन्हाळ्यात टणक जमिनीवरून पळत जाऊन तो पाण्यातच आंघोळ करतो, वीस-तीस यार्ड सोडून टाका. गेलाच तर एक दंड. लाल खुंट असतील तर बॉल जिथून आत शिरला तिथून दोन क्लबांच्या आत, झेंड्याच्या जवळ न जाता टाकता येतो, पिवळे असतील तर ती बाजूची सोय नाही, झेंडा आणि बॉल शिरला ती जागा यांच्या सरळ रेषेत मागं किंवा परत आधीच्या जागी जायचं. टाकायचा गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही, तोही बदल २०१९ चाच.

झाड, बंकर आणि दुसरी चूक

माझी जुनी कार्डं काढून बघितली तर नऊ-दहा झालेल्या प्रत्येक होलची एकच कथा. पहिला शॉट वाईट गेला, त्यानं एकच बिघडलं होतं, मग तो भरून काढायला फांद्यांच्या फटीतून हिरोगिरी केली आणि तिथं चार गेले. झाडीत गेलात तर सगळ्यात मोठी फट कुठं आहे ते बघा, ती मागं असली तरी चालेल, तिकडून फेअरवेवर या. वाटलं तर इथून खेळता येत नाही असं ठरवून अनप्लेएबल घ्या, एक दंड, आणि सुटका.

बंकरमध्ये झेंडा नाही, फक्त बाहेर. पुढची भिंत उंच असेल तर बाजूनं काढा. शॉटच्या आधी वाळूला क्लब टेकवू नका, दंड बसतो. आणि अजिबातच निघत नसेल तर दोन दंड घेऊन बंकरच्या बाहेर मागच्या रेषेत बॉल टाकायची सोय आहे. वाळूत पाच मारण्यापेक्षा दोन दंड स्वस्त पडतात.

उन्हाळ्यातल्या भेगांचं एक. भेगेत बॉल अडकला तर फुकट सुटका आपोआप मिळत नाही, ती जागा मैदानवाल्यांनी दुरुस्तीखालची म्हणून आखलेली असेल तरच. सुरुवातीलाच विचारून घ्या.

ग्रीनवर

जगातले सगळ्यात भारी प्रो आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. हे कळल्यावर माझं अर्धं टेन्शन गेलं. लांबचा पट घालायचा नसतो, होलभोवती मोठ्या परातीएवढं गोल मनात काढा आणि त्यात थांबवा, शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला, म्हणजे पुढचा छोटा पट चढाचा राहतो. झेंडा आता होलमध्येच ठेवून पट केला तरी दंड नाही.

आणि कोरड्या भागातल्या काही जुन्या मैदानांवर ग्रीनच्या जागी ब्राऊन असतात, तेल मिसळलेली वाळू चोपून केलेले, दिसायला सारवलेल्या खळ्यासारखे. तिथं पटच्या रेषेत पावलांचे ठसे असतात म्हणून आधी ओढायच्या पट्टीनं सपाट करून घ्यायचं.

ऊन आणि वारा

आपल्याकडं फेब्रुवारीनंतर सहाला टी ऑफ, नऊला चहा, नाहीतर शेवटच्या तीन होलना डोकंच चालत नाही. समोरून वारा असला की माणूस जोर लावतो आणि जोरानं बॉल आणखी वर चढून मागं येतो, तर एक-दोन क्लब मोठा घ्या आणि तसाच मारा. समोरचा वारा जितकं खातो तितकं मागचा वारा देत नाही. जमीन टणक असली की ग्रीनवर उंचावरून टाकू नका, तो उसळून मागं पळतो. आठ-नऊ नंबरनं खालून सरपटत पाठवा. पावसाळ्यात नेमकं उलटं, सरपटणारा बॉल ओल्या गवतात अडकतो, म्हणून उचलूनच टाका.

शेवटचं होल

अठराव्या टीवर स्कोअरची बेरीज करायची नाही. मी केली होती, ९९ साठी ६ पाहिजे होते, ९ झाले. पण माझ्यापेक्षा लई मोठं दुःख फ्रान्सच्या जाँ व्हॅन द वेल्डचं. १९९९ ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं कार्नुस्टी, शेवटच्या होलला तीन शॉटची आघाडी, पार ४ ला ६ केले तरी जिंकला असता. टीवर ड्रायव्हर काढला, उजवीकडं गेला पण वाचला. तिथून वेजनं पुढं टाकून आरामात आला असता तर काम झालं होतं, पण त्यानं ग्रीनवरच मारला, बॉल प्रेक्षकांच्या स्टँडला लागला, मग ओढ्याच्या दगडी भिंतीला लागून उंच गवतात. तिथून ओढ्यात. गडी बूट-मोजे काढून, पँट वर करून पाण्यात उतरला, मग विचार बदलून दंड घेतला, पुढचा बंकरमध्ये. शेवटी ७, तेही एक चांगला पट घालून. प्लेऑफ झाला आणि पॉल लॉरी जिंकला.

पहिले पाच-सहा राऊंड कार्डावर प्रत्येक होलपुढं फक्त एक अक्षर लिहा, जास्तीचा शॉट कुठं गेला, ट म्हणजे टी, झ म्हणजे झाडी, पा म्हणजे पाणी, प म्हणजे पट. माझ्या कार्डांवर झ इतके निघाले की पुढचे तीन महिने मी ड्रायव्हर पुण्याला नेलाच नाही, घरीच कपाटामागं उभा होता. आता मेचे शेवटचे दिवस चालू आहेत, अजून दोन रविवार मिळतील असं वाटतंय. काकांनी कालच सांगितलंय, "पाऊस पडायच्या आत तुझे पाईप उपटून घे, नायतर तिफणीत अडकतील अन् मग मी काय ऐकून घेणार नाही."